पाल्याचंच तर औषध, त्याने काय होतंय?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी इडलीचं पीठ ढवळत होते, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, आणि पुण्याहून लेकीचा फोन आला. ती तिथे नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर जागा घेऊन राहते. तिघींनी मिळून कुत्र्याचं एक पिल्लू पाळलंय. त्याचं नाव टिपू.

"आई, टिपूला जंत झालेत. लसूण ठेचून भातातून देऊ का? वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, लसणीने जंत पडतात. घरातलंच तर आहे, त्याने काय होतंय?"

"नको!" मी एवढ्या जोराने ओरडले, की हे पेपर टाकून स्वयंपाकघरात आले.

"अगं, एवढं ओरडायला काय झालं?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, "तू आधी त्याला डॉक्टरांकडे ने. बाकीचं संध्याकाळी सांगते." फोन ठेवला, पण हातातला डाव पिठात तसाच राहिला. कारण ते बाकीचं मी तिला नऊ वर्षं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी लेक आठवीत होती. आम्ही मिरजेला राहतो. एक दिवस शाळेतून येताना ती पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू ओढणीत गुंडाळून घेऊन आली. खरं सांगू का, मला मांजराची मुळीच आवड नव्हती. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायचा ताप कोणाला हवाय? पण चिंगीने वर्षभरात मला जिंकलं. दुपारी मी तांदूळ निवडायला बसले, की ती ताटाला टेकून झोपायची. हे ऑफिसात, लेक शाळेत. सबंध दुपार आम्ही दोघीच घरात असायचो.

पुढच्या श्रावणात चिंगीच्या अंगावर पिसवा झाल्या. सारखी खाजवायची. माझ्या एका मैत्रिणीने उपाय सांगितला, "कडुनिंबाच्या तेलात कापूर कुस्करून घाल आणि चोळ अंगाला. पोरींच्या डोक्यात उवा झाल्यावर नाही का लावत आपण? पाल्याचंच तर औषध, त्याने काय होतंय?"

मलाही ते पटलं. देवघरातल्या कापराच्या पाच-सहा वड्या वाटीभर तेलात विरघळवल्या आणि मानेपासून शेपटीपर्यंत चांगलं चोळून लावलं. चिंगी हातातून निसटून पलंगाखाली गेली आणि तेल लागलेलं सगळं अंग चाटून साफ करू लागली. मी मनात म्हटलं, कशी स्वच्छतेची आवड आहे बघा!

तासाभराने तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. चालताना तोल जाऊ लागला, मग अंग थरथरायला लागलं. लेक क्लासला गेली होती. मी चिंगीला भाजीच्या टोपलीत घातलं, रिक्षा केली आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मैत्रिणींनो, पुढचं सांगायला मला आजही जड जातं. दवाखान्यात गर्दी होती. बाहेर बसलेल्या मदतनिसाने विचारलं, "काय झालं? काही खायला दिलं, अंगाला काही लावलं?" आणि मी म्हटलं, "नाही हो, काही नाही."

का म्हटलं? आजूबाजूला पाच-सहा माणसं बसली होती. शिकलेली बाई, आणि हिने मांजराला काहीतरी फासलं, असं कोणी म्हणू नये म्हणून. त्याने वहीत लिहून घेतलं, 'पोट बिघडलं', आणि आम्हाला रांगेत बसवलं. अर्धा तास गेला. आमची पाळी आली, डॉक्टर टोपलीवर वाकले, आणि लगेच मान वर करून म्हणाले, "बाई, कापूर लावलात ना?"

त्यांनी धावपळ करून तिचं अंग साबणाने धुतलं, झटके थांबायला इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. रात्री साडेनऊला चिंगी गेली.

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "घाबरून सगळेच लपवतात. पण आल्याबरोबर सांगितलं असतंत, तर मी तिला रांगेत ठेवलं नसतं."

घरी येऊन मी लेकीला सांगितलं, "बाहेर काहीतरी विषारी खाल्लं असावं तिने." आमच्या मागच्या घरात एक आजोबा राहत. ते उंदरांसाठी विष ठेवायचे. लेकीने ते त्यांच्यावर घेतलं. पुढे येता-जाता त्यांनी हाक मारली, तरी ती मान वळवायची. मी पाहत होते आणि गप्प बसत होते.

त्यानंतर चार दिवसांनी मी डॉक्टरांकडे परत गेले. मला समजून घ्यायचं होतं, की जे तेल-कापूर माझ्या लेकीच्या डोक्याला चाललं, ते चिंगीला का चाललं नाही? त्यांनी जे सांगितलं, ते आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक असायला हवं, म्हणून लिहिते.

आपल्या शरीरात नको असलेलं द्रव्य गेलं, की आपलं लिव्हर त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल नावाचा एक पदार्थ जोडतं. त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. मांजराच्या लिव्हरमध्ये ही सोय फार तोकडी असते. मांजर मूळचं मांस खाणारं. झाडपाला खाऊन पचवायची वेळ त्याच्या पूर्वजांवर फारशी आलीच नाही, म्हणून ही सोय मागे पडली असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे बघा, आपण 'पाल्याचं औषध' म्हणून निर्धास्तपणे ज्याला देतो, तो प्राणी नेमका पाल्यातली तीव्र द्रव्यं बाहेर टाकायलाच कमी पडतो. निलगिरीचं तेल, लवंगेचं तेल, कापूर यांची त्याला बाधा होते ती म्हणूनच. आपली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शिवाय मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं, कारण ते अंग चाटतं. कापूर तर कातडीतूनही आत जातो आणि डोक्यावर परिणाम करून झटके आणतो. त्याच्यावर उतारा असा नाहीच. आणि आपण देवापुढे लावतो तो कापूर बहुतेक करून कारखान्यात टर्पेंटाइनपासून केलेला असतो. पाला तर त्यात नावालाही नसतो!

आता लसणीचं. लसूण आणि कांदा एकाच घरातले. त्यांच्यातली गंधकाची द्रव्यं कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मांजराला तर वजनाच्या एका किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, जेमतेम दोन चमचे चिरलेला कांदा. शिजवला म्हणून त्यातलं विष जात नाही. लसूण तर कांद्याहून तिखट. त्यातून फसवं असं, की त्याच दिवशी काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळपट तांबडी होते, जनावर मलूल होतं. तोवर आपण लसूण दिल्याचं विसरूनही गेलेलो असतो. आणि एवढं करून लसणीने जंत पडतील याचा भरवसा नाही तो नाहीच.

माझं माहेर नाशिककडचं, लासलगावच्या बाजूचं. तिथे कांद्याचे भाव पडले, की उरलेला कांदा जनावरांपुढे टाकतात. शेळ्या-मेंढ्या तो बऱ्यापैकी सोसतात. गाईला मात्र जास्त झाला की तीही तांबडी लघवी करू लागते. एकच कांदा, पण शेळीचं वेगळं, गाईचं वेगळं, मांजराचं त्याहून वेगळं. मग माणसाच्या अनुभवावरून मांजराचं औषध कसं ठरवायचं?

घरातल्या आणखी दोन-चार गोष्टी सांगते. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर, गोचिडांवर लावतात. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते, मग ते डोळे माणसाचे असोत की वासराचे. एरंडेल हे औषध, पण एरंडाची बी आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड हे विष. ती पेंड शेतात खत म्हणून घालतात, जनावराच्या पाटीत घालायची नसते. आणि आपण लहान मुलाला कौतुकाने देतो त्या मनुका कुत्र्याला कधीही देऊ नका. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, दुसऱ्याची किडनी निकामी होते. आपला कुत्रा कुठला, हे आधी कळत नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई घरगुती औषधांच्या विरुद्ध दिसते. तसं नाही हो. उलट घरगुती औषध म्हणजे खरोखर काय असतं, हे मला माझ्या सासूबाईंनी दाखवलं.

सासूबाई कवठेमहांकाळकडे गावी असतात. वय शहात्तर, घरी दोन म्हशी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही गेलो, तेव्हा एका म्हशीची कास सुजली होती. आपण शहरातल्या जिला कासदाह म्हणतो, तिला गावात दगडी म्हणतात. सासूबाईंनी परसातली कोरफड कापून आणली, हळद काढली, चुना काढला, आणि मला म्हणाल्या, "जा, दुकानातनं तोलून आण." मी म्हटलं, "आई, अंदाजाने घाला की!" तर त्या म्हणाल्या, "चुना जास्त झाला तर कासेची कातडी भाजंल."

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. हे माप आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव पोचवलेलं आहे. सासूबाई ते दूध सोसायटीच्या बैठकीत शिकल्या होत्या. आधी कास धुवायची, सडातलं दूध पिळून काढायचं, मग वाटलेल्या लगद्यात थोडं पाणी घालून लेप लावायचा. दिवसातून दहा-दहा वेळा, पाच दिवस. त्या सडाचं दूध घरात घ्यायचं नाही. आणि इतकं सगळं करून त्यांनी संध्याकाळी डॉक्टरांनाही बोलावलं, कारण म्हशीच्या अंगात ताप होता. "लेप सुजेला, तापाला डॉक्टर," त्या म्हणाल्या.

त्या रात्री अंगणात बसून मी चिंगीची गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "अगं, मांजराला कापूर? मांजर अंग चाटतंय की! जे जनावर चाटतंय, त्याच्या अंगाला खाऊ नये ते लावायचंच न्हाई. आमच्या सासूनं औषध शिकवताना आधी काय द्यायचं न्हाई ते सांगितलं, मग काय द्यायचं ते."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "चुकलेलं माझंबी हाय." त्यांच्या तरुणपणी एका वासराला उवा झाल्या होत्या. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून तंबाखू उकळून ते पाणी त्यांनी त्याच्या सगळ्या अंगाला चोळलं. वासरू थरथरलं, पडलं, आणि दिवे लागायच्या आत गेलं. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आत जातं, हे त्यांना पुढे डॉक्टरांनी सांगितलं. "तवापासनं ऐकलेलं औषध मी करत न्हाई. बघितलेलं करते," त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, मी खूप विचार केला. आपण लग्न होऊन शहरात आलो, तेव्हा आजीच्या, सासूच्या कृती बरोबर घेऊन आलो. पण कुठल्या जनावराला द्यायचं नाही, माप किती, किती दिवसांत गुण आला नाही तर थांबायचं, हे सगळं गोठ्यातच राहिलं. आता तर त्या कृती मोबाइलवर घरोघर फिरतात, आणि सांगणारीने स्वतः कधी ते जनावर पाळलेलंही नसतं.

ज्यांच्या घरी, सासरी-माहेरी गुरं आहेत, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. पोटफुगीला तेल पाजतात, त्याने कधी कधी गुणही येतो. पण पाजताना जनावराची जीभ ओढून, मान उंच ताणून बांबूची नळी घशात घातली, तर औषध पोटाऐवजी फुप्फुसात उतरतं आणि जनावर न्यूमोनियाने मरतं. औषध चांगलं असूनही जीव जातो तो असा. मान बेताची वर, घोट घोट पाजायचं, आणि ठसका लागला की लगेच सोडायचं. दुसरं म्हणजे किराळ. पाणी न मिळालेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली, की त्यातल्या सायनाइडने ते घटका-दोन घटकांत कोसळतं. तिथे ताक पाजत बसू नका, त्याचं इंजेक्शन असतं. महाराष्ट्रात जनावरांच्या दवाखान्याच्या फिरत्या गाडीसाठी १९६२ हा फोन नंबर आहे. तो चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर माझं एवढं ऐका. कुठलंही औषध देण्याआधी ते औषध त्याच जनावराला, त्याच वजनाला चालतं का, हे डॉक्टरांना विचारा. फोनवर विचारलं तरी चालतं. चुकून काही लावलंच, तर चाटू देऊ नका. भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने कोमट पाण्यात अंग धुवा, टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि लगेच निघा. उलटी व्हावी म्हणून मीठ-पाणी पाजत बसू नका. लावलेलं तेल, पाला, बाटली, जे असेल ते बरोबर न्या. आणि दवाखान्याच्या दारातच सांगा, मी अमुक केलंय. चारचौघांत मान खाली जाईल, जाऊ दे. ती वर येते. मुकं जनावर स्वतःहून काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलायला तिथे आपणच असतो.

हे सगळं त्या रविवारी संध्याकाळी मी लेकीला सांगितलं. चिंगीचं, कापराचं, त्या अर्ध्या तासाचं. फोनवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, रडत असेल. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या आजोबांनी काहीच केलं नव्हतं."

"नाही गं," मी म्हटलं.

ते आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्याशी ती शेवटपर्यंत बोलली नाही. चिंगीची चूक मी एक वेळ अज्ञानावर ढकलीन, पण ही कशावर ढकलू? लेकीने फोन ठेवला, आणि मी देवघरापाशी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

तीन दिवस तिचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी रात्री आला. टिपूला डॉक्टरांकडे नेलं होतं. पिल्लांना बऱ्याचदा आईच्या पोटातूनच जंत येतात, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वजन करून त्या मापाने औषध दिलं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. टिपूच्या पोटातले जंत हातांवाटे आपल्यालाही होऊ शकतात, म्हणून हात धुवायलाही बजावलं.

"आणि आई," ती जरा चाचरत म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तुला फोन करायच्या आधीच मी त्याला लसणीची एक पाकळी दिली होती."

माझ्या पोटात धस्स झालं.

"डॉक्टरांनी विचारलं, घरी काही दिलं का? बाहेर खूप माणसं बसली होती. पण मी सांगितलं त्यांना. त्यांनी हिरड्या बघितल्या, म्हणाले एका पाकळीने बहुतेक काही होणार नाही, पण आठवडाभर लघवीचा रंग बघत जा. बघतेय मी रोज. चांगला आहे तो."

मागून टिपूच्या भुंकण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बरं केलंस, सांगितलंस ते."